उसना हात

अक्षता मगदूम नेमकं काय काम करते हे तिच्या माहेरी अजून कुणाला धड कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "कंप्युटरवर आहे." मावशीची समजूत अशी, की भाची दिवसभर गेम खेळते आणि वर पगार घेते, असली नोकरी आपल्या मुलाला का मिळत नाही, याचं तिला राहून राहून नवल वाटतं. खरं सांगायचं तर अक्षताला गेम खेळायला कधी वेळच मिळाला नाही. ती खेळवायची. 'सातबंदर' नावाच्या खेळात राज्यभरातले लाखो लोक आपापल्या होड्या घेऊन समुद्रात उतरत. त्यांची भांडणं सोडवायला, अडकलेल्यांना बाहेर काढायला आणि लबाडांना पकडायला पडद्यामागे जे गेम मास्टर बसलेले असत, त्यांतली ती एक. ऑफिस सांगलीत, विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली मंगलाष्टकं चाललेली असायची आणि वर ही मंडळी कुणाची तरी हरवलेली होडी शोधत असायची.

या कामाची एक खास पद्धत होती. ऑफिसात तिला 'अंगात येणं' म्हणत. बंदरावर कोळीण, चहावाला, दवंडीवाला अशी शेकडो पात्रं फिरत असत. एरवी ती यंत्र चालवायचं. पण एखाद्या खेळाडूशी नीट बोलायची वेळ आली, की मास्टर त्या पात्रात शिरायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचा. समोरच्याला पत्ता लागत नसे. मास्टरनं स्वतःच्या नावानं आणि चेहऱ्यानं खेळात उतरायचं नाही, हा कंपनीचा पहिला नियम. दुसरा नियम अक्षतानं स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. घरातलं किंवा ओळखीतलं कुणी सातबंदर खेळत असेल, तर त्याचं खेळातलं नाव विचारायचं नाही.

हा नियम तिनं सासऱ्यांकडून उचलला. सर्जेराव मगदूम, म्हणजे घरातले तात्या, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांचं वेळापत्रक यंत्र लावू लागलं त्याच सुमाराला ते निवृत्त झाले. पण जिल्ह्यात त्यांना ओळखत ते कबड्डीचे पंच म्हणून. एका अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईवर त्यांनी पोटच्या मुलाला बाद दिलं होतं. सुयोग, म्हणजे अक्षताचा नवरा, अजून सणासुदीला तो विषय काढतो. "रेषेला पाय लागलाच नव्हता," तो म्हणतो. "लागला होता," तात्या म्हणतात आणि दुसरी पोळी वाढून घेतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचं काम काय आहे ते बसून समजून घेणारे घरातले तेच पहिले. सगळं ऐकून ते म्हणाले होते, "म्हंजे तू पण पंचच की. आता घरात दोन झाले." आणि मग, "एक ध्यानात ठेव. मैदानात नातं बघायचं नसतं. आणि बघायचं नसलं, तर आधी ठाऊकच करून घेऊ नये."

पुढे तात्यांनाही सातबंदरचा नाद लागला. आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनरांनी मिळून एक होडी केली आणि तात्या तिचे तांडेल, म्हणजे म्होरके झाले. अक्षतानं नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघांनाही याचा थोडा तोराच होता.

खेळायला हातात काही धरावं लागत नसे. मनगटावर एक रुंद पट्टा बांधायचा, त्याला 'मनगटी' म्हणत. आपण बोट हलवायचं मनात आणलं, की मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून आणि हाताच्या नसांतून स्नायूपर्यंत येतो, आणि स्नायूचे तंतू आकसताना अगदी बारीक वीज सोडतात. मनगटी ती वीज टिपते. बोट नुसतं हलवू बघितलं, तरी पडद्यावरचा दोर ओढला जातो. हे तंत्र तसं जुनंच. सातबंदरच्या इंजिनिअरांना सापडलं ते त्याच्या पुढचं होतं. कोणता तंतू आधी जागा होतो आणि कोणता मागून, दोन हालचालींमध्ये हात किती थबकतो, जोर कसा चढतो आणि कसा ओसरतो, हे प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. अक्षराला जसं वळण, तसं हातालाही. अक्षराचं वळण एखादा सरावानं उचलेलही. हाताचं वळण कुणाला उचलता येत नाही, कारण ज्याचं असतं त्यालाच ते ठाऊक नसतं.

कंपनीनं या शोधाचा उपयोग लबाडी पकडायला केला. मोठ्या शर्यतीत स्वतःच्या नावावर एखादा तरबेज पोरगा भाड्यानं बसवायचा, ही जुनी खोड. ऑफिसात तिला 'उसना हात' म्हणत. वळण जुळलं नाही की यंत्र ओरडायचं, मास्टर खात्री करून निर्णय द्यायचा, आणि मग शिक्षा. शिक्षा निघाली होती मार्केटिंगवाल्यांच्या डोक्यातून. दोषी माणसाला गळ्यात मोडकं वल्हं अडकवून दिवसभर बंदराच्या धक्क्यावर उभं करायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला कुजके मासे मारायचे. लोकांना हे इतकं आवडलं, की काही जण होडी घरी ठेवून नुसते मासे मारायला येऊ लागले.

नारळी पौर्णिमेच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत ज्या होड्या पोचल्या, त्या सगळ्यांच्या तांडेलांची तपासणी झाली. त्यांत 'निवांत' नावाच्या तांडेलावर यंत्र ओरडलं. प्रकरण अक्षताकडे आलं. ती एका कोळणीच्या अंगात आली आणि धक्क्यावर त्याला गाठलं.

"तांडेल, एवढी माशांची पाटी बांधून द्या की," कोळीण म्हणाली.

ही तपासणीची ठरलेली युक्ती होती. गाठ बांधताना हाताचं सगळं वळण उघडं पडतं.

"द्या हिकडं," निवांत म्हणाला. खेळात सगळ्या खेळाडूंचा आवाज बदलून एकसारखाच भरडा येत असे. "आज हात जरा ऐकंना झालाय. वेळ लागंल."

ही सबब अक्षतानं इतक्या जणांच्या तोंडून ऐकली होती, की तिला हसू आलं. तिच्या पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक निवांत दोन वर्षांपूर्वी खेळात आला तेव्हाची, दुसरी आत्ताची. पहिलीत हात झटकन सुरू होऊन सरळ गाठीपर्यंत जात होता. दुसरीत तो सुरू होतानाच अडखळत होता, आणि दोराचा प्रत्येक ओढा आधीच्यापेक्षा आखूड येत होता. हाही ओळखीचा प्रकार. भाड्यानं बसलेला पोरगा मालकासारखा म्हातारा दिसावा म्हणून मुद्दाम हात आवरून खेळतो. शेंबडं पोरही सांगेल, हे दोन वेगळे हात आहेत. खाली बँड सुरू झाला होता, जेवणाची वेळ टळून गेली होती. अक्षतानं निर्णय दिला.

तो तिनं बंदराचा कारभार बघणाऱ्या नाखव्याच्या तोंडून निवांतला ऐकवला. असल्या वेळी लोक आईबहिणीवर उतरत. हा तांडेल उतरला नाही.

"मी कुणाला बसवलेलं न्हाय," तो म्हणाला. "पण निर्णय तुमचा. मान्य हाय."

"चोर असला तरी सभ्य आहे," अक्षता शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाली आणि तिनं डबा उघडला.

त्या संध्याकाळी तात्यांनी भाकरी मोडून खाल्ली नाही. आमटीत कुस्करली आणि चमच्यानं खाल्ली, डाव्या हातानं. दुसऱ्या दिवशी ते आमराईत गेले नाहीत. त्यानंतर मनगटी आणून त्यांनी अक्षताच्या टेबलावर ठेवली.

"हे तुझ्या कंपनीला देऊन टाक. मन भरलं माझं."

"का, हरलात वाटतं?" तिनं थट्टेनं विचारलं.

"हरलो असंच समज."

तिनं मनगटी कपाटात टाकली आणि विसरून गेली. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचा हा प्रश्न आठवायचा आणि कानाच्या पाळ्या तापायच्या.

आठवड्याच्या आत नेमगोंडा पाटील घरी आले. हे तात्यांचे आमराईतले दोस्त, होडीतले सुकाणूवाले. तात्या आत पडले होते. नेमगोंडा बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"सूनबाई, तू त्याच कंपनीत न्हवं? एक इचारायचं होतं. होडीतल्या बाकीच्यांवर काय येणार न्हाय ना?"

"कशाचं, काका?"

"आता तुला काय ठाऊक नसंल? 'निवांत' नाव लावून ह्यानं भाड्याचं पोरगं बसवलं. आम्हाला कुठलं ठाऊक! सबंध दिवस धक्क्यावर उभा केला त्याला. माझी नातवंडंसुद्धा मासे मारून आली, त्यांना काय म्हाईत कोण हाय ते." नेमगोंडांनी आवाज उतरवला. "जन्मभर पंच म्हणून मिरवला गं. दिव्याखाली अंधार म्हणत्यात, तो ह्योच."

त्यावर अक्षता काय म्हणाली ते तिला आठवत नाही. बहुतेक चहाचं विचारलं असावं. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि तात्या जागे होते, हे तिला नेमगोंडा गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिनं निवांतची सबंध नोंद उघडली. हे कुणी करत नसे. तपासणीचा पडदा दोनच रेघा दाखवायचा, पहिली आणि आजची, आणि निर्णय द्यायला त्या पुरत. मधली दोन वर्षं बघायची असतील तर वेगळी परवानगी लागे आणि तिची खबर वरिष्ठांना जाई; अक्षतानं ती स्वतःच्याच नावानं काढली. मधल्या रेघा एकापुढे एक मांडल्यावर चूक समोर आली. भाड्याचा हात एका दिवसात बदलतो. काल मालक, आज पोरगा, मध्ये काही नाही. हा हात महिन्यामहिन्यानं बदलत आला होता, उतार लागल्यासारखा. आधी सुरुवातीची अडखळ, मग ओढे आखूड होत जाणं, मग अलीकडे हात स्वस्थ असताना त्यात उमटणारी एक बारीक, ठेक्यातली थरथर. सगळं उजव्याच हातात. माणूस तोच होता, हात आजारी पडला होता.

तिनं पुण्याला निनाद दाबकेला फोन लावला. निनाद तिचा वरिष्ठ, वयानं तिच्याएवढाच, स्वभावानं वाईट म्हणता येणार नाही असा.

"तू सबंध नोंद का उघडलीस?" त्यानं पहिला प्रश्न केला.

"म्हणजे तुला ठाऊक आहे?"

त्यानं सांगून टाकलं. कंपवातात मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरत जातात. या पेशी जे रसायन बनवतात, त्याच्या जोरावर आपली हालचाल सुरळीत सुरू होते. थरथर डोळ्यांना दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याअधिक गेलेल्या असतात. पण हाताचं वळण त्याच्या कितीतरी आधी बिघडू लागतं. मनगटीच्या चाचण्या चालू असतानाच हे कंपनीतल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं.

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागेल. मनगटी हे खेळणं आहे, अक्षता. उद्या ते डॉक्टरी उपकरण ठरलं, तर परवानग्या आल्या, आणि ज्याचा आजार आपल्याकडून सुटला तो प्रत्येक माणूस कोर्टात उभा. म्हणून पडद्यावर दोनच रेघा ठेवल्या. आपल्याला दिसतं, पण आपण बघत नाही, असं ठरलंय."

"हे माझे सासरे आहेत."

"अरे बाप रे," निनाद म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटलं असावं. "थांब. आपण शिक्षा मागे घेऊ. तांत्रिक बिघाड म्हणून. आज संध्याकाळीच. फक्त आजाराबद्दल चकार शब्द नको, घरीसुद्धा. डॉक्टरकडे न्यायचं तर दुसरं काही निमित्त काढ."

अक्षता बरं म्हणाली. इथं तिची बाजू घेण्यासारखं फारसं काही नाही. नोकरीची भीती होतीच, पण नुसती ती नव्हती. गुपचूप मिटलं, तर तात्यांना धक्क्यावर उभं करणारी कोण होती हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची तिला घरी जाईपर्यंत लाज वाटत राहिली.

झाकली मूठ मात्र झाकलेली राहिली नाही. 'निवांत'ची शिक्षा रद्द झाल्याची सूचना बंदरावर लागली आणि दुसऱ्या दिवशी आमराईत एकच चर्चा झाली, सुनेनं सासऱ्याला सोडवला. सुट्टीच्या दिवशी दुपारी अक्षता मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तात्या आले आणि समोरच्या पायरीवर बसले. त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

"माझ्यावरचा ठपका तू काढलास?"

ती शेंगा फोडत राहिली.

"मी सांगितलं होतं का तुला? चुकीचा का असंना, मी निर्णय मानला होता. मुकाट्यानं उभा राहिलो होतो. नुसता खोटा ठरलो होतो, आता वशिल्याचा पण ठरलो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "दोन पंचांचं घर म्हणत होतो मी ह्याला."

"तात्या, तो निर्णय मीच दिला होता."

त्यांना आधी समजलंच नाही. "कुठला?"

"तुमचा. ती कोळीण मी होते. पाटी बांधायला मीच दिली."

एक शेंग त्यांच्या पायापाशी पडली होती. ती उचलायला त्यांनी हात बाहेर काढला, मग हाताकडे बघितलं आणि परत दाबून धरला.

"मला ओळखलं न्हाईस."

"नाही."

"ओळखलं असतंस तर?"

तरीही हाच निर्णय दिला असता, असं म्हणावं असं तिला फार वाटलं. पंचाच्या सुनेला तेच शोभलं असतं. पण ते खरं नव्हतं.

"ओळखलं असतं तर सबंध नोंद उघडून बघितली असती," ती म्हणाली.

"म्हंजे परक्याची बघत न्हाईस."

"नाही."

तात्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चांगला म्हणून नाव ऐकलेला खेळाडू प्रत्यक्षात कच्चा निघावा, तसं ते तिच्याकडे बघत होते. अक्षताला वाटलं, आपण उठून आत जावं आणि चार दिवस बाहेर येऊच नये. पण निम्मं सांगायचं राहिलं होतं. खाली मान घालून तिनं हाताबद्दल विचारलं.

"गेल्या दिवाळीच्या आधीपासनं," ते म्हणाले. "बँकेत सही जुळंना झाली. शर्टाचं बटण लागंना. म्हातारपण म्हणून सोडून दिलं. त्यात तुमच्या मास्तरनं सांगितलं, हा तुझा हातच न्हवं. उभ्या दिवसात मला स्वतःलाच वाटाय लागलं, की कदाचित आपणच काहीतरी केलं असंल आणि इसरलो असू."

मग तिनं रेघांचं सगळं सांगितलं. निनादनं काय सांगितलं तेही, काहीही न वगळता. शेंगा तशाच राहिल्या.

सुयोगनं दोघांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मेंदूच्या विकारांच्या होत्या. त्यांनी तात्यांना चालायला लावलं, बोटं जुळवून उघडायला लावली, कागदावर गोल काढून घेतले. मग म्हणाल्या, "कंपवाताची सुरुवात आहे. बरा होणारा आजार नाही, पण औषधं आणि व्यायाम आत्तापासून धरलेत, तर पुष्कळ वर्षं तुमचं तुम्ही करू शकाल. इतक्या लवकर माझ्याकडे कुणी येत नाही. येतात तेव्हा बरंच हातचं गेलेलं असतं. तुमच्या कसं लक्षात आलं?"

अक्षता जमिनीकडे बघत राहिली.

"खेळात पकडला गेलो," तात्या म्हणाले. डॉक्टरांना तो विनोद वाटला आणि त्या मोकळेपणी हसल्या.

परत येताना त्यांनी वाटेत चहाला गाडी थांबवायला सांगितलं. सुयोग चहा सांगायला उतरला. तात्या पुढच्या सीटवरून मागे न वळता बोलू लागले.

"निर्णय फिरवायचा. पण बिघाड-फिघाड म्हणून न्हाय. जे झालं ते सगळं सांगायचं."

"आजाराचंसुद्धा?"

"हात थरथरतो यात मी काय केलंय? त्याची लाज कसली? मला खोटा म्हणाले, ते सोसवंना झालंय."

"मी दवंडीवाल्याच्या अंगात येऊन सांगते. सगळ्या बंदराला ऐकू जाईल."

"कुणाच्या अंगात-बिंगात न्हाय. पंचाला आपला निर्णय फिरवायचा असला, तर शिट्टी वाजवून मैदानाच्या मधी यावं लागतं. आपल्या पायानं." ते थांबले. "नोकरी जाईल न्हवं तुझी?"

"जाईल."

मग असू दे, असं ते म्हणतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. सुयोग कप घेऊन येताना दिसला, तेव्हा एवढंच म्हणाले, "त्याला मी समजावतो."

खरं तर आणखी एक-दोन दिवस गेले. अक्षता ऑफिसात जात होती, प्रकरणं बघत होती, आणि आता प्रत्येकाची सबंध नोंद उघडत होती. निनादचा निरोप आला, परवानग्या फार निघताहेत. त्या संध्याकाळी तिनं घरच्या टेबलावर बसून स्वतःच्या नावानं सातबंदरमध्ये खातं उघडलं. चेहऱ्याच्या जागी स्वतःचा चेहरा घातला आणि आवाज बदलायची सोय बंद केली. शेजारच्या खुर्चीवर तात्यांनी मनगटी बांधली होती. दोघं धक्क्यावर उतरले तेव्हा बंदरावर शर्यतीची गर्दी होती. निवांत तांडेलाचा उजवा हात पडद्यावरही थरथरत होता, कारण मनगटीला जे मिळतं तेच ती पुढे धाडते.

शिक्षा झालेल्यांना जिथं उभं करत तिथं जाऊन ती उभी राहिली. लोकांनी सवयीनं मासे उचलले.

"मी अक्षता मगदूम. मी इथली गेम मास्टर आहे," ती म्हणाली. खरा आवाज त्या सगळ्या भरड्या आवाजांत फार बारीक वाटला. "या तांडेलांना मी उसन्या हातासाठी दोषी ठरवलं. त्यांनी काही केलेलं नव्हतं. त्यांचा हात आजारानं बदलला होता. ते मला दिसू शकत होतं. मी बघितलं नाही. मनगटीला हा आजार कळतो. कंपनीला ते ठाऊक आहे आणि ती तुम्हाला सांगत नाही. हे माझे सासरे आहेत. पण हे सासरे आहेत हे कळल्यावरच मी नीट बघितलं, आणि त्याची मला लाज वाटते."

एक मासा येऊन तिच्या खांद्याला लागला. मग बाकीचे हात खाली आले. होडीतल्या मंडळींतून एक जण पुढे झाला, निवांतसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळी आमराईत ये रे. मी वाट बघतो." तो नेमगोंडा होता, हे कुणी सांगायला नको होतं. खुर्चीवर तात्यांनी डोळे पुसले. अक्षताला वाटलं, झालं. आता कंपनी आपल्याला बाहेर काढेल आणि हे संपेल. टेबलावर निनादचा फोन थरथरू लागला होता.

गर्दीतून एक खलाशी पुढे आला. आवाज इतरांसारखाच भरडा होता, पण बोलणं बाईचं होतं.

"मॅडम, गेल्या पावसाळ्यात माझ्या भावाला इथं उभं केलंत. हात दुसऱ्याचा आहे म्हणालात. तेव्हापासून तो घरात कुणाशी बोलत नाही. हातातून कप पडतो त्याच्या. आम्ही म्हणतो, नाटकं करतो. त्याची सबंध नोंद बघितली होती का तुम्ही?"

अक्षताला तो माणूस आठवेना. गेल्या पावसाळ्यातला एकही माणूस आठवेना. तात्या तिच्याकडे वळून बघत होते, हे तिला न बघता कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "बघितली नव्हती. त्यांना डॉक्टरांकडे न्या."

"माझ्या वडिलांची?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. त्यांनाही न्या."

"आणि आमच्या सरांची? सोलापूरच्या?"

मागे रांग लागत गेली. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. बाहेर काढलं जाईपर्यंत अक्षता तिथंच उभी राहिली. जो पुढे येईल त्याला ती सांगत होती, मी बघितलं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं.